शनिवारी एक गेम

कॅझ नोविकी आणि मी बावीस वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर काम केलं. आमचा कारखाना साच्यांचा. बाटल्यांची झाकणं, खेळण्यांची चाकं, असल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे आम्ही करायचो. अमेरिकेतल्या आमच्या ईरी शहरात तेव्हा असे कारखाने गल्लोगल्ली होते. कॅझचा हात इतका साफ, की केसाच्या जाडीएवढी चूक दिसली तरी तो साचा पुन्हा घासायला घ्यायचा. बोलायला मात्र भारी कंजूष. दिवसभरात त्याच्या तोंडून पन्नास शब्द निघाले, तर आम्ही म्हणायचो, "आज कॅझचं भाषण झालं."

त्र्याण्णव साली त्याची बायको कॉलीन त्याला सोडून गेली. भांडण नाही, दारू नाही, दुसरा कुणी माणूस नाही. ती मला म्हणाली, "ऑगी, दहा वर्षं भिंतीशी बोलले मी. भिंत चांगली होती रे. पण भिंतच."

त्यांची मुलगी रेनी तेव्हा आठ वर्षांची होती. कोर्टाने ठरवून दिलं, की ती आईकडे राहील आणि एका आड एक शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, बापाकडे. आठ तास! कॅझला आठ मिनिटं बोलता यायचं नाही. पहिल्या शनिवारी त्याने तिला तळ्याच्या काठावर नेलं. नोव्हेंबर महिना, वारा असा की दोघांचे ओठ निळे पडले. घरी येऊन त्यांनी टीव्हीसमोर बसून पेपरोनी भरलेले पाव खाल्ले आणि घड्याळाकडे बघत बसले. सोमवारी तो मला म्हणाला, "ती दमली होती." मी म्हटलं, "ती दमली नव्हती, कॅझ. कंटाळली होती."

दुसऱ्या खेपेला बर्फ पडत होता, म्हणून तो तिला मॉलमध्ये घेऊन गेला. तिथे जोड्यांच्या दुकानाला लागून कॉम्प्युटर गेमचं एक दुकान होतं. रेनी दारातच थांबली. आतल्या फळ्यांवर छतापर्यंत खोकी उभी होती. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांएवढी मोठी, चकचकीत. कुणावर ड्रॅगन, कुणावर पाणबुडी, कुणावर तलवार उपसलेली बाई. कॅझने नुकताच एक जुना कॉम्प्युटर घेतला होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "एक घे. एकच."

तासभर लागला तिला. एकेक खोकं खाली काढायचं, उलटं करायचं, मागचा मजकूर ओठ हलवत वाचायचा, परत ठेवायचं. दुकानात डार्ला नावाची बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेली. कॅझला वाटलं, ती आता हटकणार. पण ती म्हणाली, "वाचू दे हो तिला. वाचून घेतलेला गेम जास्त दिवस टिकतो."

परतीच्या वाटेवर बर्फामुळे गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. रेनीने दातांनी वरचं प्लॅस्टिक फाडलं, खोकं उघडलं, आणि आतली पुस्तिका बापाला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. शंभर पानांची पुस्तिका होती. कोणता राजा कोणाचा शत्रू, जहाजावर किती माणसं लागतात, काय खाल्लं तर विष चढतं. मध्येच ती म्हणाली, "डॅड, तू राजा असतास तर कोणाशी तह केला असतास?" आणि कॅझ नोविकी, ज्याच्या तोंडून शब्द काढायला पकड लागायची, तो घरी पोचेपर्यंत बोलत राहिला.

गेम त्या दिवशी चाललाच नाही. अकरा फ्लॉप्या घातल्या, आणि शेवटी कॉम्प्युटर म्हणाला, जागा पुरत नाही. पण त्याचं कुणाला काय! सोमवारी कॅझ स्वतःहून माझ्या मशीनपाशी आला आणि म्हणाला, "ऑगी, तुला ठाऊक आहे? समुद्रात लिंबं संपली की खलाशांचे दात पडतात."

तसे नऊ वर्षं शनिवार गेले. दर शनिवारी गेम विकत घ्यायचाच असं नव्हतं. पण दुकानात जायचंच, खोकी उलटी करून वाचायचीच. पुढे पुढे रेनीच डार्लाला सांगायची, कोणत्या खोक्यावरचं चित्र खोटारडं आहे, आत तसं काहीच नाही. एका गेममध्ये कापडावर छापलेला नकाशा निघाला होता. तो तिने बापाच्या घरी स्वयंपाकघरात लावला आणि बजावलं, "हा इथेच राहणार. आईकडे नाही न्यायचा." कॅझने ते मला तीनदा तरी सांगितलं असेल.

मग रेनी शिकायला पिट्सबर्गला गेली, आणि तिथून नोकरीला पार सिअ‍ॅटलला. देशाचं दुसरं टोक. वर्षातून एकदा यायची, कधी तेही नाही. रविवारी फोन करायची. "कसा आहेस?" "बरा." "तिकडे हवा?" "बर्फ." "इकडे पाऊस." संपलं. कॅझ फोन ठेवायचा आणि बराच वेळ तिथेच उभा राहायचा. हे मला माहीत आहे, कारण रविवारी चर्च झालं की मी त्याच्याकडे कॉफीला जायचो.

शनिवारी तो दुकानात जातच राहिला. एकटा. पहिल्यांदा गेला तेव्हा डार्लाने विचारलं, "आज एकटेच?" त्याने मान हलवली. नंतर तिने कधी विचारलं नाही. तो खोकी उलटी करून वाचायचा आणि एखादं घरी आणायचा. खोकी लहान होत गेली, पुस्तिका पातळ होत गेल्या, आणि कॉम्प्युटरच्या गेमची फळी सरकत सरकत दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेली.

एका शनिवारी त्याने जहाजांचा एक गेम घेतला. गाडीत बसून प्लॅस्टिक फाडलं. आत सीडीची तबकडी नव्हती, पुस्तिका नव्हती. चिठ्ठीएवढा कागद, त्यावर अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ, बस. त्याला वाटलं, कुणीतरी आतला माल चोरला. तो तसाच परत गेला.

डार्ला म्हणाली, "चोरी नाही हो. आता असंच येतं. ती ओळ कॉम्प्युटरवर टाकायची, मग गेम तारेतून घरी येतो."

"मग खोकं कशाला?"

"तुमच्यासाठी," डार्ला म्हणाली. "अजून येणारे तुमच्यासारखे चार जण आहेत ना, त्यांच्यासाठी."

दीड वर्षाने ते दुकानही बंद झालं. डार्ला मुलाकडे फ्लोरिडाला गेली. एका शनिवारी मी नातवाला जोडे घ्यायला मॉलमध्ये गेलो, तर कॅझ जेवणाच्या चौकात कागदी पेल्यातली कॉफी घेऊन बसलेला.

"कुणाची वाट बघतोयस का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"शनिवार आहे," तो म्हणाला.

मी त्याच्याजवळ बसायला हवं होतं. पण नातू ओढत होता, मी निघून गेलो. ते मला अजून लागतं.

त्या वर्षी नाताळात रेनीने त्याला गेम भेट पाठवला. पंधरा दिवसांनी रविवारच्या फोनवर तिने विचारलं, "डॅड, मिळाला का?"

"पोस्टात काही आलं नाही."

ती हसत सुटली. "पोस्टात कसा येईल? ईमेल केलाय मी. थांब, कॉम्प्युटर चालू कर. मी सांगते तसं कर."

अडीच तास लागले. नाव नोंदवायचं, पासवर्ड ठरवायचा, तो लगेच विसरायचा, परत ठरवायचा. मग पडद्यावर एक रेघ भरायला लागली. कॅझचं इंटरनेट म्हणजे थंडीतला मध. "किती झालं?" "चार टक्के." "बापरे. बसावं लागणार." आणि ती दोघं फोनवर बसून राहिली. नुसतं काय बसायचं, म्हणून रेनी बोलायला लागली. म्हणाली, ज्या मुलाबरोबर राहत होते, त्याला ऑक्टोबरमध्ये सोडलं. तिच्या आयुष्यात असा कुणी मुलगा होता हेच कॅझला नीट ठाऊक नव्हतं. "तो वाईट होता का?" त्याने विचारलं. "नाही रे," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणी बोलायचंच नाही. मीसुद्धा." कॅझने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सत्तावीस टक्के."

रेघ भरली. "झालं बघ. खेळ आता मजेत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी त्याने तिला फोन करून सांगितलं, गेम बिघडलाय, पुसून परत घ्यावा लागेल. महिन्याने दुसरा गेम घ्यायचाय, जमत नाही. मग पासवर्ड हरवला. हे सगळं तो मला हसू दाबून सांगायचा. मी म्हटलं, "अरे, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम तू स्वतः लिहितोस. तुला हे जमत नाही?"

"मला सगळं जमतं," तो म्हणाला.

एकदा रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. दार उघडंच असायचं. कॅझ कॉम्प्युटरसमोर बसला होता, फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू. पडद्यावर गेम आधीच उतरलेला होता, सुरू होता, आवाज बंद केलेला. एक जहाज बंदरातून बाहेर पडत होतं. फोनमधून रेनीने विचारलं, "आता किती?"

कॅझने माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "चौदा. हळू चाललंय आज."

"चालू दे," ती म्हणाली. "तर मी काय सांगत होते..."

मी कॉफी न घेताच परत गेलो.

चार वर्षांपूर्वी कॅझच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा रेनी पाच दिवस आली. विमानतळावर तिला आणायला मी गेलो. चाळिशीकडे झुकलेली बाई, कानामागे थोडे पांढरे केस. गाडीत मी सहज म्हटलं, "तुझा बाप कॉम्प्युटरच्या बाबतीत अगदीच ढ निघाला."

ती खिडकीबाहेर बघत हसली. "ऑगीकाका, मला दिसतं ते."

"काय दिसतं?"

"गेम जिथून उतरवतो ना, तिथे त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. कोणता गेम चालू आहे, किती तास खेळला, सगळं मला माझ्या पडद्यावर दिसतं. मला 'चौदा टक्के' सांगत असतो, तेव्हा त्याचं जहाज समुद्रात असतं."

"पहिल्यापासून ठाऊक आहे?"

"दुसऱ्या खेपेपासून."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले तर पुढच्या रविवारी काय बोलणार आम्ही?"

ते पाच दिवस मी रोज डबा घेऊन जायचो. रेनी त्याला वेळेवर गोळ्या द्यायची, पायावर बर्फ ठेवायची, सूप गरम करायची. कॅझ "थँक्यू" म्हणायचा. ती म्हणायची, "दुखतंय?" तो म्हणायचा, "नाही." समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल, आणि कॉम्प्युटर बंद. तिसऱ्या दिवशी मी सुचवलं, दोघं मिळून एखादा गेम खेळा की! दोघांनी एकदम मान हलवली. ती म्हणाली, "त्याला आराम हवा." तो म्हणाला, "तिला काम असतं." ती वरच्या खोलीत जाऊन ऑफिसच्या फोनवर बोलत बसली.

सहाव्या दिवशी सकाळी बर्फातून वाट काढत मी तिला विमानतळावर सोडलं. गाडीतून उतरताना ती थांबली, काहीतरी सांगणार असं वाटलं, मग म्हणाली, "त्याचा पाय उंचावर ठेवायला सांगा, काका."

परत आलो तर कॅझ तसाच खुर्चीत, पाय उशीवर. मी कोट काढला.

"गाडीत काही बोलली का?" त्याने विचारलं.

"बर्फाबद्दल," मी म्हटलं. "केवढा पडलाय, असं."

"हो," तो म्हणाला. "आमचंही तेवढंच झालं."