फुटलेल्या पाळीचा फोटो

"तू खालीच राय. साहेब काय बहिरे हायेत? तिथूनच बोल."

पाटलानं असं म्हणलं तवा माहा एक पाय पायरीवर होता. तो मी काढून घेतला. वर सपरीत, म्हणजे ओसरीवर, खुर्च्या होत्या, पंखा होता, चहा फिरून राह्यला होता. आमच्या मोहल्ल्यातले आमी काहीजण खाली अंगणात, उन्हात. गावात शेतीची कोणतीही योजना आली का शेतीखात्याचा साहेब पाटलाच्याच सपरीत बसते. ग्रामपंचायतीचा हॉल कुलूपबंद. अन् त्या सपरीत आमी बौद्ध लोक चढत नाई. कोणी लिहून ठेवलं नाई. माहा सासरा चढला नाई, नवरा चढला नाई. मंग होते काय, वर योजना पूर्ण सांगतेत अन् अंगणात अर्धीच पोचते.

माहं काम साधं होतं. वावराच्या वरच्या अंगाले आमची बोडी हाये, म्हणजे धानाले पाणी द्याचं लहानसं तळं. पावसात तिची पाळ फुटली. बोडीत पाणी नाई तं धान गाभ्यात आल्यावर सुकते अन् दाण्याबिगर नुसती तणस घरी येते. बोडी दुरुस्तीची सरकारी योजना हाये, असं मले कुरखेड्याच्या बाजारात एका बाईनं सांगतलं. आमच्या गावात ते कधीचीच येऊन गेली होती. पाटलाच्या बोडीले दगडाची पक्की पाळ झाली होती. आमाले वाटे, त्यानं सोताच्या पैशानं बांधली.

मी अंगणातून साहेबाले सगळं सांगतलं. साहेब मोबाइलमधी पाहत म्हणला, "फुटलेल्या पाळीचा फोटो आहे का?"

"नाई साहेब. आमी बुजवली ते."

इथंच चुकलं आमचं. आमच्याकडं बोडी फुटली का पयले बुजवाची, बाकी मंग. घराघरातून एक माणूस टोपलं घेऊन येते. ज्याची बोडी, त्यानं सगळ्याइले भात अन् सुकटीचा रस्सा खाऊ घालाचा. पाणी वाहून चाललं असते, फोटो काढाचं कोणाच्या डोक्यात येते? माती कच्ची होती. मोठ्या पावसात ते टिकत नाई, हे सगळ्याइले माहीत होतं.

"मग काम झालेलं आहे," साहेब म्हणला. "योजनेत बसत नाही."

पाटील हासला. "फोडून घे न मंग. तुमच्या लोकाइले फोडाले का वेळ लागते?"

सपरीतले सगळे हासले. अंगणातले दोघं हासले, आमचेच. मीही हासली. खरं सांगते, हासली मी. राग आला नाई, रडूही आलं नाई. बसून बसून पायाले मुंग्या येतेत, तसं अंगभर झालं होतं. घरी येऊन भात शिजवला, जेवली, झोपली.

सकाळी आमी नवरा-बायको कुदळ घेऊन बोडीवर गेलो. तो म्हणला, "फोडू. फोटो काढू. योजना तं भेटन." त्यानं पयला घाव टाकला. मातीचा गोळा खाली पडला. त्याच्यात मोहल्ल्यातल्या बायाइच्या पायाचे ठसे होते. तुडवून तुडवून बसवली होती त्याइनं ते माती. बुजवाच्या दिवशी शेजारची म्हातारी गुडघे धरत टोपले उचलत होती. तिले काय सांगाचं?

"ठेवा जी कुदळ," मी म्हणली.

"काऊन?"

"पाटलानं म्हणलं म्हणून आपलं आपल्या हातानं फोडाचं नाई."

"मंग पाणी?"

मी पडलेला गोळा उचलून जागेवर बसवला अन् पायानं दाबला. श्रावणात पाळ गेली. धान पोचट निंघालं. लोक म्हणतेत, फोडली असती तं पक्की पाळ झाली असती. खरं असन.

परवा पाटलाचा निरोप आला. साहेब येऊन राह्यले, अंगणात या. मी गेली नाई. मोहल्ल्यातल्या बाया घेऊन ग्रामपंचायतीच्या बंद दारासमोर बसली अन् साहेबाले निरोप धाडला, गावाची योजना गावाच्या जागेत येऊन सांगा. साहेब आले नाई. पाटील तेवढा येऊन म्हणला, "लय शहाणी झाली तू."

"हो. झाली."

उद्या आमी तालुक्याले चाललो. तिथं नाई ऐकलं तं गडचिरोलीले. अजून एका सालचं धान जाईन तं जाओ. खाली उभी राहून मी आता काही मांगणार नाई.