वरून बटणं, आतून चिकटपट्टी

टेलरमास्तरांचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं. माप देताना गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं, की ते म्हणायचे, "सोडा की श्वास! शर्ट काय जन्मभर असाच घालणार आहात?" अशा माणसाची बोलती बंद केली ती लेकीच्या आजाराने. लेक सात वर्षांची, लाडाचं नाव गोटी. पोटातली गाठ काढली, औषधं झाली, तरी ती फुप्फुसात परत उगवली.

मग डॉक्टरबाईंनी औषधांच्या चाचणीचं सांगितलं. औषधं दोन, दोन्ही जुनीच, पण मुलांना एकत्र प्रथमच द्यायची. "आधी थोड्या मुलांना कमी डोस देतो. त्यांना झेपलं तर पुढच्यांना वाढवतो. किती झेपतं, तेच शोधतोय आम्ही. बरं वाटेलच असं नाही, मास्तर. आणि बारीकसाही त्रास लपवायचा नाही." मास्तरांनी मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार. काडी केवढी आहे, हे तो कशाला विचारतोय?

दुसऱ्या डोसनंतर गोटीला बटणं लावता येईनात. "बाबा, माझी बोटं झोपलीत," ती हसत म्हणाली. वॉर्डातली सिस्टर दर खेपेला मुलांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला सांगायची. हातातली ताकद गेली की नाही, ते त्यावरून कळायचं. गेली असेल तर औषध थांबायचं.

"सांगून टाका हो," बायको म्हणाली.

"आणि बंद केलं म्हणजे? दुसरं काय आहे त्यांच्याकडे?"

ती उठून गोटीची बटणं लावू लागली.

मास्तर मशीनवर बसले. आयुष्यभर लोकांच्या ढेऱ्या झाकल्या, आता लेकीचं दुखणं झाकायला निघाले. निळा शर्ट शिवला. बटणं वरून नुसती शोभेला, आतून मुलांच्या बुटांना असते तशी चिकटपट्टी. दाबलं की झालं! गोटीला भारी गंमत वाटली. सिस्टरसमोर तिने एकेक बटण ऐटीत दाबून दाखवलं.

"मुंग्या येतात का गं हाताला?"

गोटीने बाबांकडे बघितलं. "नाही."

सिस्टरने तिचा गालगुच्चा घेतला. मास्तरांना लाज वाटली आणि आनंदही झाला. खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला.

पण गाठीला शर्ट दिसत नसतो. पुढच्या स्कॅनमध्ये ती वाढलेली निघाली आणि औषध बंदच झालं.

"तुमच्या मुलीने मोठी मदत केली, मास्तर," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तिच्या गटात कुणालाच त्रास झाला नाही, म्हणून पुढच्या मुलांना डोस वाढवता आला."

मास्तर तसेच बाहेर आले. बाकावर शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई वाट बघत होती. तिने पिशवीतून एक छोटा शर्ट काढून त्यांच्या हातात दिला.

"गोटीने गंमत सांगितली मला. वाढीव डोसनंतर आमच्या बाळाला पेलासुद्धा धरवत नाही हो. तसाच एक शिवून द्या. मापाला हा आणलाय."

"ताई, आत जाऊन सांगू या. माझी चूक झाली. मी सगळं सांगतो."

तिने त्यांची बाही धरली. "आणि बंद केलं म्हणजे? दुसरं काय आहे त्यांच्याकडे?"

मास्तरांनी तो छोटा शर्ट छातीशी धरला आणि डॉक्टरबाईंच्या दारावर टकटक केली. बाळाची आई त्यांची बाही सोडत नव्हती.