फुग्यांच्या खोलीत बंद पडणारा फोन

आळेफाट्याला नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला ट्रकचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला चहा-वड्याचं हॉटेल. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. घरी भात आणि नाचणी. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. दुकान सुरू केल्यावर पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक आत येऊन मला विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी हात पुढे करायचे आणि म्हणायचे, फोन द्या.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. पेठच्या एक वहिनी दुकानात आल्या. सासरी मोठी शेती, बटाट्याचं पीक. पण त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वेगळाच धंदा उभा केला होता. बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण असलं की त्या फुग्यांची सजावट करून द्यायच्या. मंचरपासून ओतूरपर्यंत त्यांना बोलावणी असायची. ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे नंबर, केलेल्या कामांचे फोटो, सगळं एका फोनमध्ये. आणि तो फोन आदल्या दिवशी अचानक बंद पडला होता. पडला नव्हता, भिजला नव्हता. चार्जिंगला लावला तरी काही हालचाल नाही.

मी तो उघडला. बॅटरी चांगली होती. बोर्डावर पाण्याचा डाग नव्हता, काही जळलेलं नव्हतं. मग विजेची लहर पडद्यावर दाखवणारा, जुन्या बाजारातून आणलेला ऑसिलोस्कोप लावला. फोनच्या आत एक बारीकसा भाग सतत ठोके देत असतो, आणि त्या ठोक्यांवर बाकीचं सगळं चालतं. पडद्यावर त्या ठोक्यांची लहर दिसायला हवी होती. सरळ रेघ आली. तो भाग मेला आहे, मागवून बदलावा लागेल, असं मी वहिनींना सांगितलं. त्या फोन ठेवून गेल्या.

चौथ्या दिवशी सुटा भाग अजून आलाच नव्हता. मी सहज पुन्हा वीज दिली, तर फोन चालू झाला. स्कोपवर लहर व्यवस्थित. मी काहीच केलं नव्हतं. वहिनींना तसंच सांगितलं, आणि सगळ्यात आधी त्यांचे सगळे फोटो नि नंबर दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. त्या खूश होऊन गेल्या. मला मात्र चैन पडेना. मेलेला भाग असा उठून बसत नाही.

दहा-बारा दिवसांनी फोन पुन्हा बंद. या वेळी त्या आधी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला गेल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं गेलं की बाहेरच्या माणसाने फोन उघडलाय, आता आख्खा बोर्ड बदलावा लागेल. त्या माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. तुमीच कायतरी अर्धवट केलं नाय ना?"

मला राग आला नाही, पण ते लागलं. त्यांच्या जागी मी असते तरी मला तोच संशय आला असता. मी म्हटलं, "वहिनी, हा फोन का बंद पडतो ते मी शोधून काढणार. तोवर तुमच्याकडून काही घेणार नाही."

वही घेतली आणि त्यांना एकेक विचारत गेले. पहिल्यांदा बंद पडला त्या दिवशी कुठं होतात? नारायणगावला, एका वाढदिवसाला. दुसऱ्यांदा? मंचरला, बारशाला. फोन कुठं ठेवला होता? गाडीत खूप हादरे बसले का? ऊन लागलं का? त्यांना सगळं आठवत होतं, पण माझ्या हाताला काही लागत नव्हतं. एक गोष्ट मात्र मी लिहून ठेवली. त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या बाईंचा जुना बटणांचा फोन तिथंच असायचा आणि तो कधीच बंद पडला नव्हता.

फोन याही वेळी चार दिवसांनी आपोआप चालू झाला. पुढचं काम जुन्नरला होतं, लेण्याद्रीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या हॉलमध्ये. मी दुकान बंद ठेवलं आणि त्यांच्याबरोबर गेले. दुकान बंद ठेवणं मला परवडत नाही, पण हे कोडं डोक्यात घेऊन दुसरे फोन दुरुस्त करणंही मला जमत नव्हतं.

वाऱ्याने फुगे हलू नयेत म्हणून वहिनींनी आतल्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या. फुग्यांत भरायच्या गॅसचा सिलिंडर उभा केला, शेजारच्या टेबलावर फोन ठेवून गाणी लावली, आणि दोघी भराभरा फुगे भरू लागल्या. प्रत्येक फुगा काढताना नळीतून थोडा गॅस फुसकन सुटायचा. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून फक्त फोनकडे बघत बसले. तासाभराने गाणं मध्येच थांबलं. पडदा काळा. वहिनी हातातला फुगा तसाच धरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी सिलिंडरकडे बघत होते.

घरी जाताना एसटीतूनच मी आयटीआयच्या माझ्या सरांना फोन लावला. ते आता निवृत्त आहेत, पण प्रश्न विचारला की अजून वर्गात असल्यासारखे बोलतात. त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या फोनमध्ये हा ठोका क्वार्ट्झचा तुकडा थरथरून देतो. काही नव्या फोनमध्ये त्याच्या जागी सिलिकॉनची सूक्ष्म पट्टी असते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. ती सेकंदाला हजारो वेळा थरथरते, आणि तिला हवेचा अडथळा होऊ नये म्हणून निर्वात, बंद कुपीत ठेवलेली असते. फुग्यातला हेलियम इतका बारीक की तो त्या कुपीच्या भिंतीतूनही आत शिरू शकतो. शिरला की पट्टीची थरथर मंदावते आणि थांबते.

"आणि मग बाहेर निघून जातो?" मी विचारलं.

"मोकळ्या हवेत ठेवलंस तर हळूहळू जाईल. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस," सर म्हणाले. "करून बघ."

करून बघायचं म्हणजे वहिनींचाच फोन लागणार होता. तो याही वेळी पुन्हा चालू झाल्यावर मी पेठला त्यांच्या घरी गेले आणि सगळं स्पष्ट सांगितलं. मुद्दाम बंद पाडायचाय. तीनदा उठला तसा चौथ्यांदाही उठेल असं मला वाटतं, पण खात्री देता येणार नाही. त्यांनी पदराला हात पुसले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "लई दिवस झालं, जीव टांगणीला लागलाय. करा काय करायचं ते. मला बी बघायचंय."

सकाळची वेळ होती, आम्ही ओट्यावर बसलो. स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घेतली. फोनवर स्टॉपवॉच चालू केलं आणि तो पिशवीत ठेवला. आधी साध्या पंपाने हवा भरली, तोंड बांधलं. अर्धा तास झाला, आकडे पळत होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होते. पिशवी सोडली, आणि या वेळी सिलिंडरचा गॅस भरला. वहिनींच्या सासूबाईही येऊन बसल्या. सातव्या मिनिटाच्या आसपास पळणारे आकडे अडखळले. एकदा पुढे सरकले आणि मग जागच्या जागी गोठले. माझं घड्याळ चालूच होतं.

"थांबलं की," सासूबाई म्हणाल्या.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ताई, मी तुमाला बोलले व्हते त्या दिवशी. ते मनात ठिवू नका." मी म्हटलं, ते तुम्ही बोललात म्हणूनच मी इथवर आले.

फोन वहिनींच्याच खिडकीत, वाऱ्याला ठेवला. नंतरचे दिवस मला अवघड गेले. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथाही तसाच गेला. आपण चांगला फोन मारला असं वाटायला लागलं. पाचव्या दिवशी दुपारी दुकानात ओळखीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "ह्याच्यावरनंच बोलतीय."

त्यानंतर त्या फोन गाडीत ठेवतात, दारं उघडी टाकून फुगे भरतात, आणि आत बटणांचा फोन वापरतात. त्यांचा फोन पुन्हा कधी बंद पडला नाही. मी त्या सर्व्हिस सेंटरला सगळं सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. मग मी दुकानाबाहेर पाटी लावली: गॅसचे फुगे भरताना मोबाईल खोलीबाहेर ठेवा. गॅरेजवाले बरेच दिवस हसले. पण पुढच्या लग्नसराईत मंचर आणि ओतूरचे दोन डेकोरेशनवाले ती पाटी वाचूनच आत आले. दोघांकडे तसलाच फोन, तीच रड. मी त्यांचे फोन उघडलेही नाहीत. चार-पाच दिवस वाऱ्याला ठेवा म्हणून सांगितलं.

माझं समाधान मात्र झालं नव्हतं. ज्या पट्टीने मला महिनाभर नाचवलं ती मी पाहिलीच नव्हती. भंगारातल्या बोर्डांवरून तसले भाग काढले आणि काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, बोटाच्या टोकाने घासत बसले. पहिला फुटला. दुसरा जास्त घासला गेला. तिसरा हातातून उडाला तो सापडलाच नाही. असे सहा गेले. सातव्याचं झाकण अलगद निघालं, आणि मायक्रोस्कोपखाली चौकटीत अडकलेला, केसाच्या तुकड्याहूनही लहान असा एक आकार दिसला. तीच ती पट्टी, असं सरांनी फोटो बघून सांगितलं. त्या दिवशी वहिनी बाजाराला आळेफाट्यावर आल्या होत्या. त्यांना बोलावलं, स्टुलावर बसवलं, आणि भिंगाला डोळा लावायला सांगितलं. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.