शेऱ्याचा रकाना

माझा वाढदिवस कागदोपत्री एक जूनला येतो. आमच्या भागात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा त्याच दिवशी येतो. शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडे एकदा बघायचे, वय ठरवायचे आणि शाळेच्या सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं अशी पळवाट मला राहणार नाही.

नांदेडहून मला संगणक अभियंता म्हणून एका नगरपालिकेत पाठवलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. लातूर तिथून तासाभरावर, एवढं पुरे. भूकंपानंतर एक-दोन वर्षांनी तिथे आलेला जुना संगणक बंद करायचा आणि त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी नव्या प्रणालीत आणायच्या, हे काम. तो संगणक ज्या खोलीत होता तिच्याबाहेर चपला काढाव्या लागत. त्याच्यावर फुलाफुलांच्या कापडाचं, कुणीतरी घरी शिवलेलं झबलं होतं. गाभारा सांभाळायला जन्म-मृत्यू विभागाचे म्हातारे कारकून होते. कपाळावर भस्माचे पट्टे, निवृत्तीला सहा महिने. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं. रजिस्टरातली प्रत्येक नोंद त्यांनी दोन बोटांनी त्या संगणकात चढवली होती.

जुन्या प्रोग्राममध्ये बाळाच्या नावाला जागाच नव्हती. जन्म नोंदवायला लोक येतात तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून. मुलगा की मुलगी, तारीख, आईबापाचं नाव, आणि शेवटी एक लांबलचक शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात मामांनी मनाला येईल ते लिहून ठेवलं होतं. 'बापाने दोनदा वेगळी तारीख सांगितली, आजीची धरली.' 'नाव मागाहून कळवतो म्हणाले, कळवले नाही.' नव्या प्रणालीत शेरा नव्हता. सरकारी नमुन्यात तो नाही, असं प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने कळवलं आणि मला ते पटलं.

दुबार नोंदी काढण्याचा नियम मी लिहिला. आईबाप तेच, तारीख तीच, दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे, तर एक ठेवायची, दुसरी काढायची. जुळ्यांना वेगळी खूण होती, म्हणून जुळी वाचली. नियम लिहून झाल्यावर मी चहा मागवला होता, हेही आठवतं.

मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही दुबार म्हणून काढून राहिले, त्यातल्या काही दुबार न्हाईत. शेरा वाचून घ्या एकदा."

"मामा, वाचायचंच असेल तर मी कादंबरी वाचेन की. ही नगरपालिका आहे."

सगळे हसले. मामाही थोडे हसले. मला तेव्हा वाटलं, त्यांना विनोद कळला.

उद्घाटनाला मॉनिटरला फीत बांधली होती आणि माउसला हळदकुंकू लावलं होतं. पाहुण्यांनी तो माउस साबणाच्या वडीसारखा धरून एकदा दाबला. आमच्या तरुण अभियंत्यांनी दुबार नोंदींचा कचरा साफ केला, असं भाषणात आलं. असल्या समारंभांची टिंगल करण्यात माझी हयात गेली आहे. त्या दिवशी मात्र मिळालेली शाल मी भर उन्हाळ्यात कार्यक्रम संपेपर्यंत खांद्यावरून काढली नाही.

मग बारावीचे निकाल लागले. लातूरच्या क्लासमध्ये दोन-दोन वर्षं खोली करून राहिलेली पोरं गावी परतली, आणि आईबापांची रांग आमच्या खिडकीशी लागली. प्रवेशाला अधिवासाचा दाखला हवा आणि तहसीलला तो काढायला जन्माचा दाखला हवा. खिडकीमागे हॉल होता आणि हॉलमध्ये माझं टेबल. खिडकीवर अडलेली माणसं माझ्याकडे येत, आणि इकडे बोललेलं रांगेला ऐकू जाई.

एक पिठाच्या गिरणीवाला आला. भुवयांवर पीठ, पांढरा सदरा आणखी पांढरा झालेला. सोबत मुलगी होती, हातात प्लास्टिकची फाईल.

"काल एकीचा निघाला साहेब. हिचा न्हाई निघून राहिला. चार दिवसांत तहसीलला दिला न्हाई तर डॉक्टरकीची जागा जाते हिची."

मी पडद्यावर बघितलं. "तुमच्या नावावर एकच मुलगी आहे. तिचा दाखला तुम्ही काल नेलाय."

"दोन हाईत."

"हिची तारीख?"

"एक जून."

"आणि कालच्या मुलीची?"

"एक जूनच."

"साल?"

"तेच."

"जुळ्या का?"

त्याने मुलीकडे बघितलं. "न्हाई."

इथे मी थांबायला हवं होतं. माझी स्वतःची तारीख एक जून. पण रांग ऐकत होती आणि मला वाक्य सुचलं होतं.

"आई एक, बाप एक, दिवस एक, आणि जुळ्या नाहीत. मग यातली तुमची खरी कोणती तेवढं सांगा, म्हणजे दुसरी आपण शोधू."

रांग हसली. मुलगीसुद्धा हसली; दोघींना शाळेत एकदमच घातलं म्हणून तारीख एक, एवढंच तिला ठाऊक असणार. ती बापाच्या उत्तराची वाट बघू लागली. 'दोन्ही माझ्याच' एवढं तो म्हणाला असता तर भागलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस ऐनवेळी काही बोलू शकत नाही. त्याने हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले. मुलीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली.

"आप्पा?" ती म्हणाली.

"घरी चल. घरी सांगतो."

मामा कोपऱ्यातून उठले आणि जुनं रजिस्टर घेऊन आले. पान शोधावं लागलं नाही. माझ्यापुढे ठेवून त्यांनी कडेला तळहात आडवा धरला, म्हणजे मला वाचता यावं आणि तिला दिसू नये. जुन्या संगणकातला शेरा तिथूनच उतरवलेला होता. भूकंपात हिचे आईवडील गेले. त्यांची नावं होती, गावाचं नाव होतं. चुलत्याने पदरात घेतली, आईबाप म्हणून आपली नवराबायकोची नावं लावली. घरात त्याच वयाची त्याची एक मुलगी आहे, दोन्ही वेगळ्या. कागद काही उरलेला नसल्याने तारीख एक जून, घरच्या मुलीसारखीच. आणि खाली रेघ ओढून: 'मुलीस सांगितलेले नाही. खिडकीवर वाच्यता करू नये.'

मी तो शेरा नमुन्यात बसत नाही म्हणून टाकून दिला होता, आणि त्यात जे करू नये म्हणून लिहिलं होतं तेच केलं होतं.

"मला दाखवा," मुलगी म्हणाली.

मामांनी तिच्या आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. मामांनी हात काढला. तिने उभ्याउभ्याच वाचलं, दोनदा. मग मामांना विचारलं, मला नाही, "तारीख तरी खरी आहे का?"

"न्हाई गं बाई. तारीख सोयीची."

बराच वेळ तिचं बोट त्या गावाच्या नावावर होतं. "दाखल्यावर नाव आप्पांचंच राहू द्या," ती म्हणाली आणि फाईल उचलून बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याच दुपारी मी नोंद परत घातली. परत घालण्याचं कारण एका यादीतून निवडायचं होतं. मी 'तांत्रिक चूक' निवडलं.

दुसऱ्या दिवशी दाखला न्यायला गिरणीवाला एकटाच आला. दोन्ही हातांनी कागद घेतला. "उपकार झाले साहेब," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मुलगी घरात बोलते का, जेवते का, विचारावंसं वाटलं. माफी मागायची होती. पण रांगेसमोर कसं बोलावं हा प्रश्न पडला. आदल्या दिवशी तो पडला नव्हता.

पुढे नांदेडला मी इतरांना बरीच प्रशिक्षणं दिली. जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना शेरा टाकू नये, हे सांगायला मी हीच गोष्ट सांगायचो. भूकंप, दोन चुलत बहिणी, एक जून, माझा चुकलेला नियम, मामांचं रजिस्टर. नियम चुकल्याची कबुली मी अगदी मोकळेपणाने द्यायचो आणि लोकांना ते आवडायचं. माझं वाक्य मात्र कधीच सांगितलं नाही. खिडकीवर नोंद सापडली नाही, मग मामांनी रजिस्टर काढलं, इतकं सरळ सांगून मी पुढे जायचो.

एकदा मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारलं, "सर, मग त्या मुलीचं काय झालं?"

"दाखला मिळाला तिला. वेळेत," मी म्हणालो आणि पुढचा मुद्दा घेतला.