शिंप्याने बसवलेला हीटर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नाही, आणि हट्टीपणातही नाही. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं आणि दुकान बंद केलं की दारातल्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. जीप चालू असायलाच हवी असं नाही. स्टिअरिंग हातात आलं की त्यांची पाठ ताठ होते, आणि सुट्टीच्या दिवशी जीप डोंगरातल्या दगडगोट्यांवरून धडधडत वर चढली की हा माणूस चक्क तरुण दिसतो. हे मला कबूल करावं लागतं, जरी ती बंद पडली की ढकलायचं बोलावणं मलाच येत असलं तरी.

पूर्वी ताईही त्यांच्या शेजारी असायची. मग जीपचा हीटर गेला. आमच्याकडची थंडी हाडांत शिरणारी, त्यात जीपच्या दारांना फटी. ताईने काही दिवस दात वाजवत सोसलं आणि मग जीपमध्ये बसणंच सोडून दिलं. भाऊजी एकटे जायचे आणि लवकर परतायचे. यंदा घाटापलीकडे लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा ताईने निकाल दिला.

"जीपमधून येईन मी. पण वाटेत एकदा जरी थंडी वाजली, तर आल्याबरोबर ही विकायची."

भाऊजींनी मान डोलावली. मग उठून ते जीपच्या काचेवरची धूळ पुसायला गेले. गिऱ्हाईक मात्र मी ताबडतोब शोधून ठेवलं: एक कोंबड्यांचा व्यापारी. त्याला पिंजरे वाहायला अशीच गाडी हवी होती. हे ऐकल्यावर भाऊजी माझ्याशी जेवणापुरतंच बोलू लागले.

हीटर मेकॅनिककडे द्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. दुसऱ्याने उसवलेलं आपल्याला चालत नाही, असं म्हणून त्यांनी कंबर कसली. रेडिएटरचं पाणी ताईच्या धुण्याच्या बादलीत उतरलं. मग ते डॅशबोर्डखाली डोकं आणि सीटच्या पाठीवर पाय अशा अवस्थेत आडवे झाले. काढलेल्या प्रत्येक नळीवर खडूने खूण करत होते. सगळे स्क्रू निघाले, पण एक नट असा कोपऱ्यात होता की तिथे हात पोचला की डोळा पोचत नाही आणि डोळा पोचला की हात. तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. शेवटी आरसा धरायला मी आणि शिव्या द्यायला ते, अशी कामाची वाटणी करून आम्ही तो काढला.

हीटरचा पेटारा जेवणाच्या टेबलावर उघडला. पंख्यात उंदराने घर केलं होतं, आणि घरासाठी लोकर वापरली होती ती ताईच्या हरवलेल्या हातमोज्याची. त्या मोज्यावरून माझ्या बायकोवर इतके दिवस संशय होता. आता तो उंदरावर गेला, पण माफी काही कुणी मागितली नाही.

पुढचं काम मात्र भाऊजींनी देखणं केलं, उगाच खोटं का बोला. आतलं छोटं रेडिएटर गंजाच्या गाळाने तुंबलं होतं. ते व्हिनेगरमध्ये भिजवून, उलटसुलट पाणी सोडून त्यांनी साफ केलं. मग बादलीत बुडवून आत फुंकलं, आणि बुडबुडे आले तिथे कथलाचा डाग देऊन छिद्र बुजवलं. पंख्याच्या मोटरला शिलाई मशीनचं तेल पाजलं. गरम हवा सोडणाऱ्या झडपेभोवतीचा फोम कुजून गेला होता. नवा फोम त्यांनी दुकानातल्या टेबलावर टेप लावून, खडूने आखून, मोठ्या कात्रीने कापला. पेटारा जीपमध्ये परत बसला, नळ्या जोडल्या, इंजिन सुरू झालं आणि पायांवर गरम वारा आला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

निघायच्या दिवशी ताई दोन स्वेटर, कोट, शाल आणि कानटोपी घालून आली. एवढं घालून थंडी वाजणार कशी, असं मी विचारलं, तर म्हणे मला कुणावर अन्याय करायचा नाही. मी पंच म्हणून मागच्या बाकावर बसलो. गरम वारा मागे पोचत नव्हता, ही तक्रार दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखी केली.

गावाबाहेर पडेपर्यंत शाल उतरली. घाट लागायच्या आत कोट उतरला. पहिल्या वळणावर भाऊजींनी हीटरची कळ हळूच गारच्या बाजूला सरकवली. काही फरक पडला नाही. त्यांनी पंखा बंद केला, तरी जीपच्या वेगाने बाहेरची हवा आत घुसतच होती आणि भाजून निघतच होती. भाऊजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हीटर बंद होत नाही हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. ताई टोमॅटोसारखी लाल झाली होती, पण अट थंडीची होती. उकाड्याबद्दल तक्रार करायची तर जीपची स्तुती झाली असती. मागे मी कुडकुडत होतो आणि पुढे ही दोघं मुकाट्याने शिजत होती. भाऊजींनी काच खाली केली तेव्हा ताईने कारण विचारलं. धुकं बघतोय, असं ते म्हणाले. मग ताईलाही धुकं बघावंसं वाटलं.

घाटमाथ्यावर जीप थांबली. ताई उतरली आणि त्या गोठलेल्या हवेत नुसत्या साडीवर, दोन्ही स्वेटर हातात घेऊन उभी राहिली. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

"बंद होत नाही ना हे?" तिने विचारलं.

भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "झडप फोममध्ये अडकली. कापताना सवयीने माया सोडली गेली."

कापड कापताना कडेला शिलाईसाठी जास्तीचं सोडतात, ती माया. आयुष्यभर सोडत आले, तशी त्यांनी फोमलाही सोडली होती. ताई आधी ओठ चावत राहिली, मग जीपच्या बॉनेटला धरून इतकी हसली की खाली बसायची वेळ आली. भाऊजी हसले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष निकालाकडे लागलं होतं, आणि पंच असूनही मला तो विचारायचा धीर होईना. तरी मी विचारलंच, कोंबड्यांवाल्याला काय कळवायचं?

ताईने डोळे पुसले. ती आत जाऊन बसली, कळ दोनदा मागेपुढे करून पाहिली आणि भाऊजींना म्हणाली, "अहो, हे उन्हाळ्याच्या आत दुरुस्त करा. उन्हात मी अशी भाजून घेणार नाही."

भाऊजी चावीला हात लावून तसेच थांबले. "उन्हाळ्यात?"

"मग? उन्हाळ्यात एकटेच जाणार होता की काय?"