अफूनं झाकलेलं दुखणं

माझे वडील अफू खात. सकाळी एक गोळी, दुपार कलली की दुसरी, तुरीच्या दाण्याएवढी. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची ही गोष्ट. परवान्याच्या दुकानात अफू उघड मिळे, आणि म्हाताऱ्या माणसानं ती खाल्ली तर कोणी फारसं बोलत नसे. हिवरखेडला आमचा भाजीचा मळा होता. बाबा वांग्यांना पाणी देता देता बसल्या जागी डुलक्या घेत आणि पाणी वाफा फोडून निघून जाई. दादा, म्हणजे माझा भाऊ, त्यांच्याशी तुटक बोले. नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते. दोघांचे निरोप माझ्याच तोंडून जात.

एका दुपारी दादाची चार महिन्यांची मुलगी रडायची थांबेना. वहिनी विहिरीवर गेली होती. बाबांनी बोटाला चिकटेल एवढी अफू तिच्या जिभेला लावली. पोर निजली ती उठेचना. हाका मारल्या, तळपाय चोळले, तोंडावर पाणी शिंपडलं. एक श्वास आला की पुढचा येईपर्यंत माझाच जीव वरखाली व्हायचा. दिवस मावळता मावळता तिनं डोळे उघडले. बाबा दाराबाहेर बसले होते. मला म्हणाले, "मले अकोल्याच्या दवाखान्यात घेऊन चाल. सोडून देतो हे."

अकोटपर्यंत बैलगाडीनं गेलो, पुढे मोटारीनं. डॉक्टर पुण्याकडचे होते, मऊ बोलायचे. अफू एकदम तोडू नका, औषधातून रोज थोडी थोडी कमी करू, असं त्यांनी सुचवलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. "शपथ घेतली म्या. थेंब बी नाई."

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, जुलाब लागले. हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून मी धीर धरला. पण तिसऱ्या दिवशी बाबा ओटीपोट धरून वाकले. लघवीला गेले की भिंतीला डोकं टेकून उभे राहत. भांड्यात चार थेंब, आणि ते लाल. आपणच बापाला इथं मरायला आणलं, असं मला वाटू लागलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. "मूत्राशयात खडा आहे, बराच मोठा. आजचा नाही."

मी बाबांना विचारलं. त्यांनी पांघरूण पोटावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "बारा वर्सं झाली. परतवाड्याच्या बाजारात एकानं सांगतलं, अफू घे, आग थांबते. थांबली."

"आमाले कावून नाई सांगतलं?"

"पोरीले काय सांगू असं? अन् तुया भावाले?"

बारा वर्षं आम्ही त्यांना अफूबाज समजत होतो.

डॉक्टर म्हणाले, "अफूनं दुखणं झाकलं आणि खडा आत वाढत राहिला. काढावा लागेल. पण हे जुलाबानं गळून गेलेत, अशात मी चाकू लावणार नाही. अफू थोडी सुरू करा, पंधरा दिवस अंगात अन्न जाऊ द्या."

अफूच्या औषधाचा पेला घेऊन मीच बाबांपुढे गेले. ज्या हातानं मी घरी त्यांची अफूची डबी लपवून ठेवायची, तोच हात पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"अन् पोरगी?"

"पोरगी चांगली हाय, बाबा. खेळून राहिली."

खरं तर चार दिवसांत घरून काहीच निरोप नव्हता. ती पुन्हा तशीच निजली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेला घेतला.

चाकू लावायच्या दिवशी सकाळी माझा निरोप मिळून दादा आला. मुलगी ठीक होती, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी पायरीवर बसले. बाबांना आत नेल्यावर तो हळूच म्हणाला, "खड्याचं तुले ठाव होतं?"

"नाई."

त्यानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बाबांना बाहेर आणेपर्यंत तो घातला नाही.

खडा कबुतराच्या अंड्याएवढा निघाला. नंतर पाच दिवस ताप होता. डॉक्टर रोज जखम पाहायचे आणि काही न बोलता जायचे, त्याचीच मला जास्त भीती वाटे. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि बाबांनी ज्वारीच्या कण्या मागितल्या.

अफू पूर्ण सुटायला पुढे आठ महिने गेले. दातांची वाट लागलेली, पोट कधी साफ होत नसे, थंडीत पाय दुखले की ते चिडत. दादा त्यांचे पाय चेपायला बसे.

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. पहाटे उठून ते लघवीला परसात गेले, की परत येईपर्यंत मी अंथरुणात जागी राही. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही.