टेकायचं कुणावर

हातात सुई टोचायची वेळ आली की सर डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि मग म्हणायचे, "चला ताई. हात तुमच्याकडे, भरवसा त्याच्याकडे." आणि मोकळ्या हाताचं एक बोट वर छताकडे जायचं. छतावर एक जुना पंखा होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, पंख्याबद्दलच काही तक्रार आहे.

मी जळगावला एका दवाखान्यात डायलिसिस विभागात टेक्निशियन आहे. आमच्याकडे येणाऱ्या माणसांशी आमचं नातं चमत्कारिक असतं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, वर्षानुवर्षं. घरच्यांनाही माहीत नसतं ते आम्हाला माहीत असतं. सर पाचोऱ्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा कातरलेल्या. ख्रिस्ती होते. पहाटेची प्रार्थना करून गाडी पकडायचे आणि येताना आम्हा सगळ्यांसाठी केळी आणायचे. स्वतःला मात्र बंद. किडनीच्या पेशंटला केळं चालत नाही. "जळगाव जिल्ह्यात जन्मलो आणि केळ्याला पारखा झालो," असं म्हणून एक केळं नाकाजवळ धरायचे, वास घ्यायचे आणि माझ्या हातात द्यायचे.

तुमच्यावर भरवसा नाही, असं कुणी तोंडावर सांगितलं तर तुम्हाला कसं वाटेल? मला राग आला होता. मी म्हटलं, "सर, तुमचं सगळं रक्त माझ्या मशीनमधून फिरतंय, आणि माझ्यावर भरवसा नाही?"

"नाही," ते हसून म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही काम फार छान करता. पण तुम्हीही माणूसच ना!"

हे त्यांचं नेहमीचं होतं. कुणी काही कबूल केलं की म्हणायचे, "केलं तर आनंद, नाही केलं तर माणूस." खिडकीजवळची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवते असं सांगून मी एकदा विसरले. तेव्हाही हेच. कपाळावर आठी नाही. उलट शेजारच्या खुर्चीवरच्या भडगावच्या आबांना म्हणाले, "आबा, पाय वर! एक, दोन!" आबा शेतकरी, स्वभावाने तापट. पण सरांनी सांगितलं की मुकाट्याने पाय हलवायचे. सगळा वॉर्ड कवायत करायचा.

मला कुतूहल होतं ते असं की, ज्याचा माणसावर भरवसा नाही तो माणूस संशयी, तुसडा असायला हवा. हे तर सगळ्यांत मिसळणारे. अनोळखी माणसाकडे पिशवी ठेवून खुशाल बाथरूमला जायचे. हे गणित मला सुटत नव्हतं.

एकदा भर दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. मशीन बंद पडलं तर नळीतलं रक्त गोठतं, म्हणून पंप हाताने फिरवावा लागतो. आम्ही दोघी-तिघी आणि खुर्च्या जास्त. मी सरांचा पंप एका हाताने आणि आबांचा दुसऱ्या हाताने फिरवत होते. घामाने डोळे चुरचुरत होते. आबा ओरडत होते. सर डोळे मिटून पुटपुटत होते. वीज आल्यावर मी विचारलं, "काय मागत होता? वीज?"

"नाही. तुमच्या हाताला बळ."

मग एके दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आला. पहूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. दणकट गडी, हसायला लागला की खुर्ची हलायची. पोटावर थाप मारून सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला, "दोन आहेत. एक दादाला, एक मला!" काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तोंडाला पदर लावला. सर मात्र म्हणाले, "दिलीस तर आनंद."

भाऊ चिडला. "दादा, तुझा माझ्यावर भरवसा नाही?"

"नाही," सर म्हणाले. "प्रेम आहे."

तपासण्या झाल्या, मंजुऱ्या झाल्या, नाशिकला ऑपरेशन ठरलं. शेवटच्या फेरीला आम्ही सगळ्यांनी सरांचा निरोप घेतला. आबांनीसुद्धा डोळे पुसले. पुन्हा इथे दिसू नका, अशी शुभेच्छा फक्त आमच्याच वॉर्डात देतात.

पुढच्याच आठवड्यात सर दारात उभे. हातात केळ्यांची पिशवी नव्हती.

काकूंनी सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भाऊ चहा प्यायला म्हणून खाली गेला, तो वर आलाच नाही. फोन बंद. दोन दिवसांनी कळलं की पहूरला घरी आहे. असं होतं कधी कधी. देणाऱ्याला शेवटच्या क्षणीही नाही म्हणायचा हक्क असतो, आणि तो असायलाच हवा. पण हे मला कळत होतं म्हणून काकूंकडे बघवत होतं असं नाही.

आबा उखडले, सगळी माणसं सारखीच म्हणून अहिराणीत ओरडले. "बठ्ठा सारखाच शेतस! असा भाऊनं मी तोंड देखाव नही!"

त्या दिवशी कवायत नाही. सर भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी रक्तदाब बघायला वाकले, तेव्हा उशी ओली होती.

"सर?"

"रडतोय, ताई. रडू नये का?" ते म्हणाले. "भरवसा ठेवला नव्हता. पण आशा होती हो. ती कुठे सुटते?"

तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसले. तोवर मला वाटायचं की या माणसाला काही लागतच नाही.

काही महिने गेले. नाताळ जवळ आला. भावाच्या बायकोचा काकूंना फोन आला की, हे जेवत नाहीत, दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहतात, चर्चमध्ये येत नाहीत, दादाचं नाव काढलं की उठून जातात. त्या दिवशी डायलिसिस संपल्यावर सर बूट घालता घालता म्हणाले, "ताई, पहूरची बस आता मिळेल ना?"

डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा असतो. त्यात सर एकटेच आले होते. मी नको नको म्हटलं. ऐकेनात. माझी ड्यूटी संपली होती, मी त्यांच्याबरोबर निघाले. खरं सांगायचं तर काळजीपेक्षा कुतूहलच जास्त होतं. हा माणूस तिथे जाऊन बोलणार काय?

दुकानात तांब्याच्या तारांची भेंडोळी पडलेली, वॉर्निशचा वास. भाऊ आत स्टुलावर बसलेला. निम्मा झाला होता. सरांना शटरखालून वाकून येताना पाहिलं आणि तो उठून सरळ त्यांच्या पायांवर कोसळला. सरांना तोल सांभाळता येईना, म्हणून म्हणाले, "ऊठ रे. मी पडेन आता तुझ्यावर."

"घाबरलो दादा," तो हुंदके देत म्हणाला. "टेबलावरच मरेन असं वाटलं. पोरी लहान आहेत."

"मग मला सांगायचंस. मीच तुला बसमध्ये बसवून दिलं असतं."

"आता देतो. उद्या जाऊ. शपथ घेतो."

"नको." सर स्टुलावर टेकले. "आता तू लाजेपोटी देशील. तुझी लाज पोटात शिवून घेऊन मी काय करू? चहा पाज. अर्धाच. मला पाणी मोजून आहे."

अर्धा चहा झाला. दोघांनी माना खाली घालून प्रार्थना केली. भावाने सगळं शटर वर ढकललं, आणि नाताळला पाचोऱ्याला येतो म्हणाला.

स्टँडवर पाचोऱ्याच्या बसची वाट पाहताना मी विचारलंच. "सर, तुम्हाला राग कसा नाही?"

"होता. पण असं बघा, मी त्याच्यावर टेकून उभा नव्हतो. म्हणून तो सरकला तेव्हा मी पडलो नाही. पडला तो. मग पडलेल्याला उचलायला जायला नको?"

"आणि ज्याच्यावर टेकलात, त्याने तरी काय दिलं? किडनी तर गेलीच."

माझा प्रश्न जरा उद्धट होता. "माहीत नाही, ताई. मी रोज विचारतो. उत्तर आलं नाही अजून. पण आज इथवर यायचं बळ माझ्या अंगात नव्हतं, हे तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

ते मला माहीत होतं. त्यांचा रक्तदाब मीच मोजला होता.

त्यानंतर भाऊ प्रत्येक फेरीला त्यांच्याबरोबर यायला लागला. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून, पाचोऱ्याहून गाडीत सोबत. आबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. तो बाहेरच्या बाकावर बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. वर्षभर असं चाललं. मग एका पहाटे सर प्रार्थनेला उठले नाहीत. काकूंनी हलवून पाहिलं. झोपेतच गेले होते.

पाचोऱ्याला मी मातीला गेले होते. शाळेची जुनी मुलं, आता पोक्त झालेली, रांगेत उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रांग सरळ होती.

पुढच्या आठवड्यात सरांच्या वाराला मी मशीन लावत होते. खिडकीजवळ जामनेरची एक नवी बाई बसली होती, भेदरलेली. तेवढ्यात दारात भाऊ दिसला. का आलास, असं विचारायला कुणाला सुचलं नाही. त्यालाही बहुधा ठाऊक नव्हतं. पायांना सवय झाली असावी. बाकही भरलेला, म्हणून नुसताच चौकटीला हात लावून उभा राहिला.

आबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग मोकळ्या हाताने शेजारचं स्टूल पुढे ढकललं.

"ये, आठे बस," ते म्हणाले. "जेवीसन उना का?"

त्याने मान हलवली. नाही. आबांनी उशाशी ठेवलेला भाकरीचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला, आणि एका हाताने झाकण उघडेना म्हणून दोघं मिळून उघडू लागले.